ग्रामीण गृहसजावटीतील अबोली रंगछटा : तळेगाव ढमढेरे परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

घराच्या आतील भिंतींसाठी फिकट गुलाबी व नारिंगी यांच्या मधली, उबदार आणि सौम्य अशी रंगछटा अलीकडे मोठ्या प्रमाणावर निवडली जाते. बाजारात ती 'पीच' या नावाने ओळखली जात असली तरी मराठी भाषेत तिला 'अबोली' हे स्वतंत्र नाव पूर्वीपासून आहे आणि चुना, गेरू व पिवडी यांच्या मिश्रणातून ती आपल्याकडे तयार होऊ शकत होती. प्रस्तुत लेखात या रंगछटेची घडण, प्रकाश व भिंत यांच्याशी असलेला तिचा संबंध, तिच्याविषयीचे प्रचलित समज आणि ग्रामीण घरांत ती वापरताना घ्यावयाची दक्षता यांचे विवेचन केले आहे. रंगाची निवड ही केवळ आवडीची बाब नसून ती घराची बांधणी, कुटुंबाचे आरोग्य आणि कुटुंबाचा खर्च यांच्याशी निगडित आहे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : अबोली रंग, गेरू, चुना, गृहसजावट, प्रकाश, भिंतीची ओल, ग्रामीण घर

१. प्रस्तावना

अन्न, वस्त्र व निवारा या मानवाच्या मूलभूत गरजा मानल्या जातात. निवाऱ्याची गरज भागल्यानंतर मनुष्य तो निवारा सुशोभित करू लागला. भिंतीला रंग देणे ही त्यातील बहुधा सर्वांत जुनी कृती होय. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांत गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी व पांढरी माती अशी साधी द्रव्ये प्रामुख्याने वापरलेली आढळतात. तेथील मानवी आकृत्यांच्या अंगकांतीतील अनेक उबदार छटा तांबडी व पिवळी माती पांढऱ्या द्रव्यात मिसळून साधलेल्या आहेत. म्हणजे आज ज्या रंगाला नवा मानले जाते त्याची पूर्वज छटा महाराष्ट्राच्या भिंतींवर शतकानुशतके आहे.

तळेगाव ढमढेरे हे पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातील, वेळ नदीच्या काठी वसलेले मोठे गाव. मराठेशाहीतील सरदार ढमढेरे घराण्यामुळे गावाला हे नाव मिळाले. पुणे-अहिल्यानगर मार्गावरील शिक्रापूर येथून गाव जवळ आहे. सणसवाडी व रांजणगाव येथील कारखान्यांमुळे या पट्ट्यातील वस्ती गेल्या काही दशकांत झपाट्याने वाढली. परिणामी एकाच परिसरात दगड-मातीची जुनी घरे, विटा-सिमेंटचे नवे बंगले, पत्र्याची घरे आणि कामगारांसाठी बांधलेल्या भाड्याच्या खोल्या अशी भिन्न प्रकारची घरे दृष्टीस पडतात. या सर्वांना रंग लागतो. परंतु एकच रंग सर्वांना सारखाच लागू पडत नाही. अबोली छटेच्या निमित्ताने हा प्रश्न उलगडून पाहण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

१) अबोली रंगछटेची घडण व तिची स्थानिक परंपरा स्पष्ट करणे.
२) प्रकाश, खोलीचा आकार व फरशी यांचा या छटेवर होणारा परिणाम समजावून घेणे.
३) रंगाविषयीच्या प्रचलित समजांची चिकित्सा करणे.
४) घराच्या प्रकारानुसार योग्य वापराची दिशा सुचविणे.

३. अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा आहे. रंगशास्त्र, बांधकाम व गृहविज्ञान या विषयांतील प्रस्थापित माहितीचा आधार घेऊन तिचा या परिसरातील घरांच्या सर्वसाधारण रचनेशी संबंध जोडला आहे. लेखाचा आवाका घराच्या आतील भिंतींपुरता मर्यादित आहे.

४. विषयविवेचन

४.१ नाव आणि रंग

मराठीत रंगांची नावे प्रामुख्याने फुले, फळे, पक्षी व धान्ये यांवरून आली आहेत. डाळिंबी, अंजिरी, आमसुली, गुलबक्षी, मोतिया, पारवा, पोपटी ही नावे आजही साड्यांच्या दुकानात सहज ऐकू येतात. अबोली हे त्यांपैकीच एक. अबोलीच्या फुलाला वास जवळजवळ नसतो. परंतु ते गजऱ्यात बराच काळ टिकते आणि त्याचा रंग गुलाबी व नारिंगी यांच्या सीमेवर असतो. महिला चालकांच्या रिक्षांसाठी राज्यात हाच रंग निवडण्यात आला आणि २०१६ मध्ये ठाण्यात धावू लागलेल्या या रिक्षा 'अबोली रिक्षा' म्हणूनच ओळखल्या जाऊ लागल्या. भिंतीसाठी जी छटा वापरली जाते ती फुलाच्या रंगापेक्षा पुष्कळ फिकट असते. तिला 'फिकी अबोली' म्हणणे अधिक नेमके ठरेल.

रंगाच्या दुकानात मात्र हा शब्द ऐकू येत नाही. तेथे 'पीच' हा शब्द रूढ आहे. पॅन्टोन या अमेरिकी रंगसंस्थेने २०२४ या वर्षाचा रंग म्हणून 'पीच फझ' ही छटा जाहीर केल्यानंतर या नावाला आणखी प्रसिद्धी मिळाली. बोलीत याच छटेला पुष्कळदा 'स्किन कलर' असेही म्हटले जाते. या दुसऱ्या नावाचा विचार अधिक गांभीर्याने व्हावयास हवा. अमेरिकेतील क्रेयोला या कंपनीने आपल्या रंगखडूचे 'फ्लेश', म्हणजे त्वचेचा रंग, हे नाव १९६२ साली बदलून 'पीच' असे केले. कारण एकाच फिकट छटेला माणसाच्या त्वचेचा रंग म्हणणे योग्य नव्हते. उन्हातान्हात राबणाऱ्या, सावळ्या वर्णाच्या आपल्या समाजात भिंतीच्या फिकट छटेला 'त्वचेचा रंग' म्हणणे हे वस्तुस्थितीस धरून तर नाहीच; शिवाय त्यातून मुलामुलींच्या मनावर नकळत चुकीचा संस्कार होतो. 'अबोली' हा शब्द हाताशी असताना तो वापरण्यात कोणतीच अडचण नसावी.

४.२ पांढरी, गेरू आणि चुना

देशावरील गावाचे 'पांढरी' व 'काळी' असे दोन भाग मानले जात. वस्तीची जागा ती पांढरी आणि शेतीची जमीन ती काळी. जुन्या घरांच्या भिंती व धाबी यांसाठी पांढरी मातीच वापरली जाई. सणावाराला याच मातीचा पोतेरा भिंतीवर फिरविला जाई, जमीन शेणाने सारवली जाई आणि तुळशीवृंदावन, चूल व उंबरठ्याच्या कडा यांना गेरूचा हात दिला जाई. ही कामे बहुतांशी घरातील स्त्रिया करीत. म्हणजे घराच्या आतील रंगाचा निर्णय व अंमल या दोन्ही गोष्टी त्यांच्या हाती होत्या. आज रंगकाम मजुरीवर देण्याची पद्धत आली. श्रम कमी झाले ही स्वागतार्ह बाब आहे; परंतु त्याबरोबर निर्णयही पुष्कळदा दुकानदार, रंगारी व घरातील पुरुष यांच्याकडे गेला, याची नोंद घ्यावी लागते.

ज्यांना परवडे ते भिंतीला चुना लावीत. कळीचा चुना पाण्यात विरवला की तो उष्णता बाहेर टाकत फुटतो व त्याची निवळी आणि गाळ तयार होतो. हा चुना भिंतीवर लागल्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो. चुन्यात डिंक किंवा सरस मिसळल्यास तो हाताला कमी लागतो. नुसत्या चुन्याने भिंत पांढरी होते, नीळ टाकल्यास ती निळसर शुभ्र दिसते, पिवडी टाकल्यास पिवळसर होते आणि गेरू टाकल्यास गुलाबी होते. गेरू व थोडी पिवडी एकत्र टाकली की जी छटा मिळते ती फिकी अबोलीच होय.

या मिश्रणाचे शास्त्रीय वैशिष्ट्य असे की गेरू व पिवडी या दोन्ही द्रव्यांचा रंग लोहाच्या संयुगांमुळे येतो. ही संयुगे उन्हाने सहसा उडत नाहीत आणि चुन्याच्या तीव्र क्षारामुळे बिघडत नाहीत. याउलट, काही सेंद्रिय तांबडे रंग चुन्याच्या किंवा ताज्या सिमेंटच्या संपर्कात फिके पडतात. जयपूर शहराला १८७६ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीच्या वेळी दिला गेलेला सुप्रसिद्ध गुलाबी रंगही गेरूच्याच जातीचा, मातकट गुलाबी आहे. मातीतून आलेला रंग टिकतो, हा अनुभव अशा प्रकारे सर्वत्र सारखा आहे.

पुढे डिस्टेंपर, तैलरंग व इमल्शन असे तयार रंग आले. मुंबईत १९४२ साली स्थापन झालेल्या एशियन पेंट्ससारख्या कंपन्यांनी ते गावोगावी पोहोचविले. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये रेखाटलेला 'गट्टू' हा ब्रश धरलेला खट्याळ मुलगा त्या काळाची खूण ठरला. तयार रंगामुळे छटांची संख्या शेकड्यांवर गेली आणि भिंत पुसता येऊ लागली. परंतु एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. चुन्याचा हात दरवर्षी किंवा वर्षाआड दिला जात असल्याने छटा चुकली तर ती पुढच्या दिवाळीला सुधारता येई. इमल्शन अनेक वर्षे टिकते. त्यामुळे निवडीतील चूकही तितकीच वर्षे सोबत राहते. म्हणून आज रंग निवडताना पूर्वीपेक्षा अधिक विचार करणे क्रमप्राप्त आहे.

४.३ प्रकाशाचे कार्य

रंग डब्यात असतो असे आपण समजतो. वस्तुतः भिंत आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग शोषते व उरलेला परत पाठविते. हा परत आलेला प्रकाश म्हणजेच आपल्याला दिसणारा रंग. त्यामुळे प्रकाश बदलला की तीच भिंत वेगळी दिसते. अबोली छटेच्या बाबतीत हा बदल विशेष जाणवतो. कारण ती गुलाबी व नारिंगी यांच्या मधोमध उभी असते आणि थोड्याशा कारणाने एका बाजूला झुकते.

उत्तरेकडील खिडकीतून येणारा प्रकाश आकाशाचा, काहीसा निळसर असतो. त्यात अबोली शांत व किंचित गुलाबी दिसते. पश्चिमेकडील खोलीत दुपारनंतर सूर्याचा पिवळा प्रकाश शिरतो. तेथे तीच छटा नारिंगी व भडक भासू शकते. म्हणून उत्तर व पूर्व बाजूच्या खोल्यांना ही छटा अधिक मानवते आणि पश्चिमेकडील खोलीसाठी तिची आणखी फिकी आवृत्ती घ्यावी लागते. सायंकाळी दिवे लागण्यापूर्वीच्या अंधूक प्रकाशात तांबड्या छटा लवकर काळवंडतात. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे निरीक्षण नोंदविले. त्यामुळे मुळातच अंधाऱ्या असलेल्या माजघरात गडद अबोली मलूल दिसते.

कृत्रिम प्रकाशाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. जुन्या तारेच्या दिव्याचे रंगतापमान सुमारे २७०० केल्व्हिन असे. त्याच्या पिवळसर प्रकाशात अबोली खुलत असे. २०१५ साली सुरू झालेल्या 'उजाला' योजनेनंतर एलईडी दिवे घरोघरी पोहोचले. विजेची मोठी बचत झाली. परंतु बहुतेक घरांत लावले जाणारे पांढरेशुभ्र दिवे ६५०० केल्व्हिनच्या आसपासचे असतात. त्यांच्या प्रकाशात निळ्या भागाचे प्रमाण अधिक असते आणि साध्या प्रतीच्या दिव्यांत गडद तांबडा भाग तोकडा असतो. अशा प्रकाशात अबोली भिंत राखाडी, निस्तेज दिसते व 'दुकानात पाहिलेला रंग हा नव्हेच' अशी तक्रार निर्माण होते. पुष्कळदा दोष रंगाचा नसून दिव्याचा असतो. ३००० ते ४००० केल्व्हिनचा दिवा लावल्यास रंग न बदलता खोलीचे रूप पालटते. दिव्याच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. तो वाचण्याची सवय मात्र अद्याप रुजलेली नाही.

४.४ खोलीचा आकार व रंगाचे गडद होणे

रंगपत्रिकेवरील छटा दोन बोटे रुंदीच्या कागदावर पाहिली जाते आणि चार भिंतींना दिली जाते. तेव्हा ती अपेक्षेपेक्षा गडद दिसते. याचे कारण साध्या गणिताने स्पष्ट होईल. समजा, एखादी अबोली भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशातील तांबड्या भागापैकी ८० टक्के व निळ्या भागापैकी ५५ टक्के प्रकाश परत पाठविते. हा प्रकाश समोरच्या तशाच भिंतीवर पडून पुन्हा परतला, तर तांबडा भाग ६४ टक्के व निळा भाग सुमारे ३० टक्के उरतो. म्हणजे पहिल्या परावर्तनात तांबडा भाग निळ्याच्या दीडपट होता, तो दुसऱ्या परावर्तनात दुपटीहून अधिक झाला. लहान खोलीत प्रकाश असा वारंवार भिंतींवर आदळतो व प्रत्येक वेळी अधिक तांबूस होतो. म्हणून १० फूट बाय १२ फूट आकाराच्या खोलीसाठी पत्रिकेवर आवडलेल्या छटेहून एक पायरी फिकी छटा घेणे हिताचे ठरते. छत पांढरेच ठेवावे. त्यामुळे प्रकाश टिकतो आणि खोली बुटकी भासत नाही.

या बाबतीत भाड्याच्या खोल्यांचा स्वतंत्र विचार व्हावा. कारखान्यात काम करणाऱ्या कुटुंबाला पुष्कळदा एकच खोली, एक खिडकी व एक दिवा एवढ्यावर भागवावे लागते. तेथे राहणारा भाडेकरू असतो आणि रंग ठरविणारा घरमालक. मळ दिसू नये म्हणून गडद रंग देण्याकडे कल असतो. परंतु गडद भिंत प्रकाश गिळते व दिवसाही दिवा लावावा लागतो. फिकी अबोली पांढऱ्या रंगाइतकी लवकर मळकट दिसत नाही आणि गडद रंगाइतका प्रकाशही खात नाही. अभ्यास करणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

४.५ फरशी, लाकूड व शेजारचे रंग

कोणताही रंग एकटा दिसत नाही. पॅरिसच्या गोब्लाँ कारखान्यातील रंगाई विभागाचे प्रमुख शेव्ह्रल यांनी १८३९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शेजारचे रंग एकमेकांना कसे बदलवितात हे सविस्तर दाखविले. हिरव्या रंगाशेजारी तांबूस छटा अधिक तांबूस भासते. कोटा फरशी हिरवट असल्याने तिच्यावर अबोली भिंत उठून दिसते. मात्र तेथे छटा फिकीच हवी. शहाबादी फरशीच्या करड्या रंगाशी तिचा मेळ चांगला बसतो. सागवानी तुळया, पितळी समया व तांब्याची भांडी ही याच रंगकुळातील असल्याने जुन्या घरात अबोली परकी वाटत नाही. चकचकीत पांढऱ्या फरशीवर मात्र भिंतीची छाया पडून संपूर्ण खोली गुलाबी भासण्याचा संभव असतो. चारही भिंतींऐवजी दोन भिंती अबोली व दोन मोतिया ठेवल्यास हा दोष टळतो.

४.६ प्रचलित समजांची चिकित्सा

या रंगाविषयी तीन समज विशेषत्वाने आढळतात.

पहिला समज, गुलाबी छटेमुळे मन शांत होते. १९७९ साली अमेरिकेत सिएटल येथील नौदलाच्या बंदिगृहाची एक कोठडी विशिष्ट गुलाबी रंगाने रंगविण्यात आली आणि तेथील कैद्यांची आक्रमकता कमी झाल्याचे सांगितले गेले. अलेक्झांडर शॉस यांनी पुरस्कारिलेली ही छटा 'बेकर-मिलर पिंक' या नावाने जगभर गाजली. परंतु पुढे स्वित्झर्लंडमधील तुरुंगात अधिक काटेकोरपणे केलेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा परिणाम आढळला नाही. अबोली भिंत प्रसन्न वाटू शकते. ती घरातील कलह मिटवील अशी अपेक्षा मात्र करू नये.

दुसरा समज, उबदार रंगामुळे खोली तापते. शिरूर तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो व येथील उन्हाळा कडक असतो. त्यामुळे ही शंका स्वाभाविक आहे. परंतु 'उबदार' हा शब्द येथे डोळ्यांच्या अनुभवापुरता आहे. आतील भिंतीच्या फिक्या छटेने खोलीचे तापमान लक्षणीय बदलत नाही. उष्णता मुख्यतः छतावाटे व उन्हात तापणाऱ्या बाहेरील भिंतींवाटे येते. उन्हाळा सुसह्य करावयाचा असल्यास गच्चीला किंवा पत्र्याला बाहेरून पांढरा रंग देणे अधिक फलदायी ठरते.

तिसरा समज, हा रंग केवळ मुलींच्या खोलीसाठी आहे. गुलाबी रंगाचे स्त्रीत्वाशी जोडले गेलेले नाते आधुनिक बाजारपेठेने दृढ केले आहे. आपल्या परंपरेत त्याला आधार नाही. गुलाबी फेटा बांधून मिरवणारा नवरदेव आणि यात्रेत गुलालाने माखलेले भक्त हे त्याचे पुरेसे उत्तर होय.

४.७ भिंतीचे आरोग्य

रंगाच्या निवडीतील सर्वांत दुर्लक्षित घटक म्हणजे भिंत. दगड-मातीच्या जुन्या भिंती जमिनीतील ओल वर ओढतात व ती हळूहळू हवेत सोडतात. चुन्याचा थर सच्छिद्र असल्याने ही क्रिया चालू राहते. अशा भिंतीवर प्लॅस्टिक इमल्शन किंवा तैलरंग लावल्यास ओल आत कोंडते. काही महिन्यांत रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात व लोणा फुटतो. मग पुन्हा पुट्टी, पुन्हा रंग असा खर्चाचा फेरा सुरू होतो. विक्रीच्या उसाचे किंवा कांद्याचे पैसे हाती आल्यावर हौसेने केलेले रंगकाम एका पावसाळ्यात वाया जाते, ही गोष्ट कुटुंबाला परवडणारी नाही. अशा घरांना गेरू-पिवडीमिश्रित चुना हाच आजही शास्त्रीय दृष्ट्या योग्य पर्याय आहे. तो स्वस्त आहे, भिंतीला श्वास घेऊ देतो आणि त्याच्या क्षारामुळे बुरशीलाही आळा बसतो.

नव्या सिमेंटच्या भिंतीचा प्रश्न वेगळा आहे. ताजा गिलावा तीव्र क्षारयुक्त व ओला असतो. वास्तुशांतीचा मुहूर्त जवळ आला म्हणून त्यावर घाईने रंग दिल्यास अबोलीसारख्या नाजूक छटेवर पांढुरके डाग उमटतात. पाणी मारण्याचे काम संपल्यानंतर भिंत पूर्ण वाळू द्यावी, क्षाररोधक प्रायमर लावावा व नंतरच रंगाचे दोन हात द्यावेत.

आरोग्याच्या दृष्टीने आणखी एक बाब नमूद करणे आवश्यक आहे. जुन्या तैलरंगांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी व तांबड्या छटांत, शिशाची संयुगे वापरली जात. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपायकारक असते. भारत सरकारने २०१६ साली केलेल्या नियमांनुसार घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करण्यात आले व हे नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. नवा रंग घेताना डब्यावरील तशी नोंद पाहावी. जुना तैलरंग कोरडा घासू नये. तो ओला करून घासावा, धूळ ओल्या फडक्याने टिपावी आणि त्या वेळी मुले व गरोदर स्त्रिया यांना दूर ठेवावे. चुना विरवताना तो उकळतो व डोळ्यांत उडाल्यास गंभीर इजा होते, याचेही भान असावे.

५. वापराविषयी सूचना

१) छटा निश्चित करण्यापूर्वी किमान दोन फूट लांब-रुंद जागेवर नमुना लावावा आणि तो सकाळी, दुपारी व रात्री दिव्याच्या प्रकाशात पाहावा. चुना ओला असताना गडद व वाळल्यावर बराच फिका दिसतो; म्हणून निर्णय वाळल्यानंतरच घ्यावा.

२) रंगाबरोबरच दिव्याचाही विचार करावा. शक्य तेथे ३००० ते ४००० केल्व्हिनचे दिवे वापरावेत.

३) दगड-मातीच्या भिंतींना चुन्यातील अबोली व पूर्ण वाळलेल्या सिमेंटच्या भिंतींना इमल्शन, असा भेद पाळावा.

४) संपूर्ण खोलीसाठी लागणारा रंग एकाच वेळी तयार करून घ्यावा. चुन्यात गेरूचे माप वाटीने मोजून लिहून ठेवावे; यंत्रावर बनविलेल्या रंगाचा क्रमांक जपून ठेवावा. पुढे डागडुजी करताना त्याचा उपयोग होतो.

५) स्वयंपाकघरात फोडणीचे व धुराचे डाग पडतात, तेथे ओट्याच्या मागे फरशी व वरच्या भागात पुसता येणारी फिकी अबोली असावी.

६) घरात अधिक काळ ज्या व्यक्ती वावरतात, विशेषतः गृहिणी व वृद्ध, त्यांचे मत रंगाच्या निवडीत प्राधान्याने विचारात घ्यावे.

६. निष्कर्ष

१) 'पीच' म्हणून ओळखली जाणारी छटा मराठी भाषेला व परंपरेला नवी नाही. अबोली हे तिचे नाव आणि चुना, गेरू व पिवडी ही तिची स्थानिक सामग्री होय.

२) या छटेचे यश डब्यापेक्षा प्रकाश, खोलीचा आकार व फरशी यांवर अधिक अवलंबून असते.

३) मन शांत होणे किंवा खोली तापणे यांसारख्या समजांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही.

४) जुन्या ग्रामीण घरांत भिंतीच्या प्रकृतीशी न जुळणारा रंग वापरल्याने आर्थिक हानी होते, पारंपरिक चुना हा केवळ गरिबीचा नव्हे तर विवेकाचाही पर्याय आहे.

७. समारोप

गावातील घरे बदलत आहेत व ती बदलणे अपरिहार्य आहे. पांढऱ्या मातीचा पोतेरा पुन्हा घरोघरी फिरावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु तो पोतेरा फिरविणाऱ्या हातांना भिंत कोणती, ऊन कोठून येते व रंग वाळल्यावर कसा दिसेल याचे जे ज्ञान होते, ते टिकविण्याजोगे आहे. रंगपत्रिका पाहताना हे तीन प्रश्न विचारले गेले, तर निवडलेली अबोली खोलीत दीर्घकाळ प्रसन्नता देईल आणि कुटुंबाचा कष्टाचा पैसाही भिंतीवर टिकून राहील.